खाडीकाठचा गेवा



भरती ओसरली की आमच्या कातकरी वाडीतल्या बाया खेकडे धरायला खाडीत उतरतात. तिथे तिवरांच्या सोबतीने गेवा नावाचे झाड वाढते. गळण्याआधी त्याची पाने लालभडक होतात, दिसते सुरेख. पण फांदी मोडली की शेरासारखा पांढरा चीक येतो. तो कातडीला लागला तर फोड उठतात, डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासे होते. लाकूड चुलीत घातले तर धूरही डोळ्यांना झोंबतो. आणि नवीन माणूस फांदी मोडतोच, वाट काढायला.

गेल्या पावसाळ्यात एका बाईच्या डोळ्यात असाच चीक उडाला. तिने डोळा चोळला, घरी कोणी तेल घातले. मी पोहोचलो तेव्हा पापणी सुजून मिटली होती. अशा वेळी चोळू नये, तेल-दूध घालू नये; स्वच्छ गोड्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि तडक डॉक्टरकडे न्यावे. देवाच्या कृपेने तिची दृष्टी वाचली.

खाडीत गोडे पाणी कुठले? म्हणून आता प्रत्येक टोळीबरोबर पाच लिटरचा कॅन देतो. ते पाणी वाटेतच पिऊन संपते, तेव्हा यंदा दोन-दोन कॅन लागतील. प्रार्थनेत वाडीची आठवण ठेवा.