कावेरीतला कुबडा पैलवान

१५ फेब्रुवारी उजाडला की आयर्लंडच्या लॉक कॉरिब तळ्यावर ट्राउटचा हंगाम सुरू होतो, तो थेट ३० सप्टेंबरपर्यंत. तिथल्या तळ्यांतल्या जंगली ब्राऊन ट्राउटचा विक्रम आहे २६ पौंड २ औंसांचा, १८९४ सालचा. कौतुक आहेच! पण म्हैसूरच्या नद्यांतल्या कुबड्या महाशीरपुढे हा ट्राउट म्हणजे नुसतं तोंडी लावणं.

पोत्याहून जड
१९०६मध्ये कावेरीत १०४ पौंडांचा महाशीर गळाला लागला. १९१९मध्ये ११९ पौंडांचा. १९४६मध्ये म्हैसूरजवळच्या कबिनी नदीनं त्यावर एका पौंडाची कडी केली: १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो. तांदळाचं ५० किलोचं पोतं उचलून बघा, मग अंदाज येईल.

विक्रमवीराचा धंदा
हा मासा धरला डी वेट व्हॅन इंगेन यांनी. म्हैसूरचं हे घराणं मेलेल्या वाघ-बिबट्यांना ‘जिवंत’ करण्यासाठी जगभर प्रसिद्ध होतं. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यांत डोळे वटारून बसलेले कितीतरी वाघ त्यांच्याच कारखान्यातून गेलेले. भावांची नावंही मजेशीर: बोथा, जुबेर, डी वेट. ही सगळी दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर सेनानींची आडनावं!

दात घशात
महाशीरचे दात घशात घालायची गरजच नाही, ते तिथंच असतात. जबड्यात एकही दात नाही, पण घशातले दात शिंपल्यांचा आणि खेकड्यांचा भुगा करतात.

मुद्द्याची गोष्ट
आयर्लंडमध्ये पिसांच्या नकली माश्या गळाला बांधतात. कावेरीवर त्यापेक्षा चालायचा नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा. म्हैसूरकर ज्या नाचणीचं ‘मुद्दे’ खाऊन शेतावर जातात, त्याच नाचणीवर हा पैलवानही भाळायचा.

गेला म्हणता सापडला
स्वातंत्र्यानंतर साहेब गेले, गळ गेले आणि हा मासाही संपला असावा असं विलायतेत वाटू लागलं. १९७७-७८मध्ये तीन ब्रिटिश तरुण शोधायला आले. त्यांपैकी एकाच्या गळाला ९२ पौंडांचा महाशीर लागला आणि पुढं कावेरीकाठी गळवाल्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. नियम एकच: धरा, मोजा, सोडा.

एका माशाला चार तास
कावेरीकाठच्या अभयारण्यातल्या गलिबोरेच्या छावणीत १९९८ ते २०१२ या काळातली प्रत्येक नोंद वहीत होती. २३ हजारांहून अधिक तास गळ टाकून सहा हजारांवर महाशीर, म्हणजे माशामागं जवळपास चार तास. अभयारण्यातली गळमासेमारी पुढं बंद झाली. पण शास्त्रज्ञांना या माशाचं दुखणं कळलं ते याच वह्यांतून.

पैलवानाचं नाव रेमादेवी
शंभर वर्षं जगभरचे गळवाले ज्याच्या मागं वेडे होते, त्याला शास्त्रीय नावच नव्हतं! २०१८मध्ये उलगडा झाला. केरळच्या पांबार नदीतून २००७मध्ये ज्या माशाची नोंद झाली होती, तोच हा: टोर रेमादेवी. मत्स्यशास्त्रज्ञ के. रेमादेवी यांच्या नावावरून ठेवलेलं नाव. बारसं झालं आणि त्याच वर्षी त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत झाली.

पाहुणा आपल्याकडचा
आता कान टवकारा. धरणं, वाळूउपसा आणि सुरुंग लावून होणारी मासेमारी हे शत्रू होतेच. पण आणखी एक प्रतिस्पर्धी गेला तो मराठी मुलखातून! निळ्या परांचा महाशीर, आपल्याकडचा खडस, शास्त्रीय नाव टोर खुद्री. इंग्रज अधिकारी कर्नल साइक्सनं १८३९मध्ये त्याचं वर्णन केलं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. १९७०च्या दशकापासून लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रात त्याची पिल्लं वाढवली गेली आणि ठिकठिकाणच्या नद्यांत सोडली गेली, कावेरीतही. हेतू चांगलाच: महाशीर वाचावा. पण कावेरीत पाहुणा फोफावला आणि घरधनी कोपऱ्यात गेला.

गळवाल्यांच्या वह्यांत तेच दिसतं. महाशीरची संख्या वाढत गेली, त्यात कुबडे मात्र कमी होत गेले. नुसते मासे मोजले असते तर सगळं आलबेल वाटलं असतं. म्हणून नदीवर ‘किती?’च्या आधी ‘कोणता?’ हे विचारायचं.