काना गावचे लग्न आणि दारूबंदीचे कलम

मुंबई प्रांताच्या १९४९ सालच्या दारूबंदी कायद्याची लांबलचक कलमे चाळताना माझी दृष्टी दर वेळी एकाच कलमावर खिळते. धर्मविधीसाठी मद्य वापरण्याची मुभा सरकारला सशर्त देता येईल, मात्र त्या इसमाच्या धर्मतत्त्वांनुसार त्या मद्याची आवश्यकता आहे अशी सरकारची खात्री पटली पाहिजे, असा त्याचा आशय. पोर्तुगीज अंमल १७३९ साली संपल्यानंतरही जिथली ख्रिस्ती वस्ती उठली नाही, त्या वसईतून पाहिले म्हणजे या एवढ्याशा मजकुराने एका संपूर्ण धर्मविचाराची कशी वाटणी केली ते ध्यानात येते; आणि त्या वाटणीने मला कित्येक वर्षे झपाटले आहे.

मिस्साबलिदानात, म्हणजे प्रभुभोजनाच्या विधीत, वेदीवर अर्पण होणाऱ्या द्राक्षारसाविषयी रोमन चर्चचा दंडक निःसंदिग्ध आहे. तो द्राक्षांचाच हवा, निर्भेळ हवा, नासलेला नसावा, आणि अर्पणाच्या वेळी त्यात किंचित पाणी मिसळावे. वसईच्या वाड्यांत माड कितीही असोत, ताडीला त्या प्याल्यात प्रवेश नाही. शिवाय १४१५ च्या कॉन्स्टन्स धर्मपरिषदेपासून प्याला धर्मगुरूने घ्यावा आणि भाविकांनी केवळ पवित्र भाकर स्वीकारावी असा परिपाठ होता, तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच शिथिल झाला. म्हणजे कायद्याने कॅथलिक समाजाला दिलेली सवलत प्रत्यक्षात धर्मगुरूच्या ओठांपर्यंतच पोहोचत होती. नंदाखालच्या किंवा पापडीच्या शेतकऱ्याच्या वाट्याला तिचा थेंबही येणार नव्हता.

आता योहानाचे शुभवर्तमान पाहावे. येशूचे पहिले चिन्ह घडते ते मंदिरात नव्हे, तर गालीलातील काना गावच्या लग्नघरी. द्राक्षारस संपतो, यजमानाची अब्रू पणाला लागते, आई मुलाच्या कानावर ती गोष्ट घालते, आणि सहा दगडी रांजणांतल्या पाण्याचा उत्तम द्राक्षारस होतो. तिथे कोणताही संस्कार अडून राहिला नव्हता. अडली होती ती पाहुण्यांची सरबराई. सरकारने वेदीवरच्या विधीचे मूळ असलेले येशूचे शेवटचे भोजन मान्य केले आणि कानाचे लग्न नामंजूर केले, असे मी म्हणतो ते याच अर्थाने. माडाची पोय छेदून पहाटे उतरवलेली, गोड, आणि ऊन चढेल तशी आंबट व कडक होत जाणारी ताडी इथल्या ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या ख्रिस्ती समाजाच्या घरांत फुगे नावाच्या तळणीच्या पदार्थाचे पीठ आंबवण्याच्याही कामी येई; कायद्याच्या व्याख्येत ती मद्य ठरली. प्रकृतीला गंभीर अपाय होईल अशा कारणावर जो परवाना मिळे, तो मात्र विदेशी मद्याचा. शहरातल्या गृहस्थाच्या ब्रँडीला वाट मोकळी आणि वाडीतल्या ताडीला मज्जाव, हा न्याय मला कधीच पटलेला नाही.

याचा अर्थ चर्चने मद्याला मोकळे रान दिले होते असा कोणी करू नये. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनसने या प्रश्नाची जी चिकित्सा केली, तिच्याइतकी समतोल चिकित्सा माझ्या वाचनात दुसरी नाही. मद्यपान स्वभावतः निषिद्ध नाही, परंतु चार प्रसंगी ते निषिद्ध होते, असे तो म्हणतो: ज्याला मद्याची बाधा चटकन होते त्याने प्यायल्यास, ज्याने न पिण्याचे व्रत घेतले आहे त्याने प्यायल्यास, मर्यादा ओलांडल्यास, आणि आपल्या पिण्याने दुसऱ्याच्या अधःपातास निमित्त होत असल्यास. दोष द्रव्यात नसून पिणाऱ्यात आणि त्याच्या भोवतालच्या माणसांत शोधायचा, ही दृष्टी आबकारी खात्याला कधी साधली नाही. १८७८ च्या आबकारी कायद्याच्या अमलात त्या खात्याचे लक्ष झाडामागे वसूल होणाऱ्या कराकडे होते. १९४९ नंतर ते जप्तीकडे गेले.

प्रॉटेस्टंट पंथीयांनी निराळी वाट धरली. १८६९ साली अमेरिकेत वेल्च नावाच्या मेथॉडिस्ट दंतवैद्याने द्राक्षांचा रस तापवून न आंबता टिकवला, तो प्रभुभोजनाचा प्याला मद्यरहित व्हावा म्हणून. आणि १८८७ साली आपल्या पंडिता रमाबाई ख्रिस्ती महिलांच्या मद्यनिषेधसंघाच्या हिंदुस्थानातील व्याख्यात्या झाल्या. कॅथलिकांना हा आग्रह टोकाचा वाटला, तरी पिणाऱ्याच्या घरातली बाई काय सोसते हे त्या संघाने उघड मांडले, आणि अक्वायनसची चौथी अट त्यामुळेच मला अधिक कळली.

त्याच्या पहिल्या अटीचे तर रोमला अगदी अलीकडे स्वतःच्या वेदीवरच उत्तर द्यावे लागले. मद्यासक्तीने ग्रासलेल्या धर्मगुरूने मिस्साबलिदान कसे अर्पावे? १९९५ च्या एका परिपत्रकात त्याला ताज्या द्राक्षरसाची, म्हणजे ज्याचे आंबणे रोखून धरले आहे पण ज्याचा स्वभाव पालटलेला नाही अशा रसाची, परवानगी देण्याचा अधिकार बिशपाकडे सोपवण्यात आला. मुंबईच्या कायद्याने नीरा आणि ताडी वेगळ्या केल्या त्या रसाच्या आंबण्यावरून. रोमने तोच भेद केला, पण समोरचा माणूस पाहून.