माणसाच्या कामाचे मोजमाप कसे करावे?

लंबकाचा आवर्तकाल काढताना आपण एकच आंदोलन मोजत नाही. वीस आंदोलनांना लागलेला वेळ घेऊन त्याला वीसने भागतो. घड्याळाची कळ दाबताना होणारी चूक त्यामुळे वाटली जाते. हा प्रयोग तसा सोपा, कारण लंबक दमत नाही, सरावाने सुधारत नाही आणि आपल्याकडे कोणी पाहत आहे हे त्याला ठाऊक नसते.

आता दुसरा प्रश्न घ्या. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याची एक नवी रीत निघाली. ती जुन्या रीतीहून खरोखरच चांगली आहे, हे कसे ठरवायचे? प्रश्न किरकोळ नाही. बँकेचे हिशेब, रेल्वेचे आरक्षण, उपग्रहांचे नियंत्रण या साऱ्यांचा भार आज प्रोग्रॅमवर आहे. पण येथे मोजायचा आहे तो लंबक नव्हे, माणूस! अशा प्रश्नांची उत्तरे प्रत्यक्ष निरीक्षणाने आणि मोजमापाने शोधणाऱ्या अभ्यासाला अनुभवाधिष्ठित संशोधन म्हणतात. त्याचे चार प्रमुख प्रकार पाहू.

पहिला प्रकार पाहणीचा. काम करणाऱ्यांनाच प्रश्न विचारायचे आणि उत्तरांची मोजदाद करायची. थोड्या खर्चात पुष्कळांची मते कळतात. मात्र लोकांना काय वाटते एवढेच त्यातून समजते. वाटणे आणि असणे यांत किती अंतर असू शकते, ते पुढे दिसेलच.

दुसरा प्रकार नियंत्रित प्रयोगाचा. एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या शक्यतो स्थिर ठेवायच्या. १९६८ साली सॅकमन, एरिकसन आणि ग्रँट या अमेरिकी संशोधकांचा असा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. संगणकाशी थेट जोडलेल्या यंत्रावर बसून चुका लगोलग सुधाराव्यात, की प्रोग्रॅम संगणकाकडे देऊन निकाल येईपर्यंत थांबावे, हा त्यांचा प्रश्न होता. पहिल्या प्रयोगात बारा अनुभवी प्रोग्रॅमर होते. प्रत्येकाने एक कोडे एका रीतीने आणि दुसरे कोडे दुसऱ्या रीतीने सोडवले. थेट काम करण्यात माणसांचा वेळ एकंदरीत वाचला. पण माणसामाणसांतील फरक हा दोन रीतींमधील फरकापेक्षा कितीतरी मोठा निघाला. एका कोड्यात तर चुका काढायला सर्वांत संथ व्यक्तीस सर्वांत जलद व्यक्तीच्या २८ पट वेळ लागला. हा आकडा फार गाजला. पुढे इतर अभ्यासकांनी दाखवून दिले, की या तुलनेत निरनिराळ्या संगणकभाषा आणि दोन्ही रीती यांची सरमिसळ झाली होती. लांबी वेगळी असलेल्या दोन लंबकांची तुलना करून फरकाचे श्रेय गोळ्याला द्यावे, तसाच हा प्रकार! फरक मोठा होता हे खरे, पण २८ ही संख्या जशीच्या तशी घेता येत नाही.

तिसरा प्रकार आहे तयार झालेल्या वस्तूंच्या अभ्यासाचा. येथे माणसांना काही विचारायचे नाही. त्यांनी लिहिलेले प्रोग्रॅमच तपासायचे. डोनाल्ड कनूथ यांनी १९७१ मध्ये फोरट्रान भाषेतील पुष्कळ प्रोग्रॅम तपासले. प्रोग्रॅमच्या साधारण ४ टक्क्यांहून कमी भागात चालण्याचा निम्म्याहून अधिक वेळ खर्च होतो, असे त्यांना आढळले. म्हणजे वेग वाढवायचा तर आधी तो छोटा भाग शोधला पाहिजे.

चौथा प्रकार म्हणजे एकाच ठिकाणचा सखोल अभ्यास. ताऱ्यावर आपण प्रयोग करू शकत नाही, त्याचे दीर्घकाळ निरीक्षण करतो. मोठ्या प्रकल्पाचेही तसेच असते. अमेरिकेतील नासाच्या गोडार्ड केंद्रात १९७६ साली यासाठी एक प्रयोगशाळा सुरू झाली. मेरीलँड विद्यापीठाचा तीत सहभाग होता. उपग्रहांसाठी लागणारे खरे प्रोग्रॅम तयार होत असताना किती तास लागले, कोणत्या चुका झाल्या, याच्या नोंदी तेथे वर्षानुवर्षे ठेवल्या गेल्या.

आता दोन अलीकडची उदाहरणे पाहा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने प्रोग्रॅमरचे काम लवकर होते का? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ९५ प्रोग्रॅमरना एकच छोटे काम अगदी सुरुवातीपासून करायला दिले. साधन वापरणाऱ्यांना ५५.८ टक्के कमी वेळ लागला. २०२५ साली दुसऱ्या एका प्रयोगात १६ अनुभवी प्रोग्रॅमरनी आपापल्या परिचयाच्या, मोठ्या आणि जुन्या प्रकल्पांतील २४६ कामे केली. कोणत्या कामात साधन वापरायचे आणि कोणत्यात नाही, हे नाणेफेकीसारखे दैवावर सोपवले होते. येथे साधन वापरल्यावर १९ टक्के अधिक वेळ लागला! गंमत अशी, की काम संपल्यावर विचारले तेव्हा आपला वेळ २० टक्के वाचला असेच त्यांना वाटत होते. नुसती पाहणी केली असती, तर निष्कर्ष अगदी उलटा निघाला असता.

मग या दोहोंतील खरा प्रयोग कोणता? दोन्ही खरे. काम वेगळे, माणसे वेगळी, साधनेही वेगळ्या वेळची. प्रत्येक निष्कर्षाला त्याची मर्यादा जोडलेली असते. म्हणून एकाच प्रकारावर विसंबून न राहता अनेक बाजूंनी अभ्यास करावा लागतो.

हे तुम्हालाही पडताळता येईल. गाणी ऐकत गणिते लवकर सुटतात असे अनेकांना वाटते. सारख्या कठीणपणाची वीस गणिते घ्या. प्रत्येक गणिताच्या वेळी नाणे उडवून गाणी लावायची की नाही ते ठरवा. वेळ आणि चुका दोन्ही नोंदवा. आपला अंदाज मात्र आधीच कागदावर लिहून ठेवा, म्हणजे शेवटी तो बदलता येणार नाही!