बाष्पनशील वनस्पतिज तेलांची वेदनाशामकता : लवंग, पेपरमिंट व गंधपुरा

प्रस्तावना :
दाढदुखीवर लवंगेचे तेल आणि डोकेदुखीवर मलम हे उपाय घरोघरी परिचित आहेत. या तेलांनी वेदना का शमते आणि त्या शमनाची मर्यादा कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लवंग तेल :
लवंगेच्या वाळलेल्या कळ्यांपासून ऊर्ध्वपातनाने मिळणाऱ्या तेलाचा प्रमुख घटक युजेनॉल हा होय. चेतातंतूंतील सोडियम आयनांचे मार्ग तो अवरुद्ध करतो. परिणामी वेदनेचा संदेश पुढे जात नाही. दाहकारक प्रोस्टाग्लँडिनांची निर्मितीही तो घटवतो. झिंक ऑक्साइड व युजेनॉल यांचे मिश्रण दंतवैद्यकात दात तात्पुरता भरण्यासाठी वापरले जाते. मात्र वेदना थांबली तरी दाताची कीड व जंतुसंसर्ग तसाच राहतो, हे विसरून चालत नाही. शिवाय शुद्ध तेलाने हिरड्या भाजू शकतात.

पेपरमिंट तेल :
यातील मेंथॉल त्वचेचे तापमान न बदलताही थंडाव्याची जाणीव निर्माण करते, कारण थंडी ओळखणारा टीआरपीएम-८ हा ग्राही त्यामुळे उद्दीपित होतो. हा ग्राही २००२ मध्ये ओळखला गेला. तापमान व स्पर्श यांच्या ग्राहींवरील संशोधनासाठी डेव्हिड ज्यूलियस व आर्डेम पाटापूटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वीच, १९९६ मध्ये, जर्मनीतील गोबेल व सहकाऱ्यांनी तणावजन्य डोकेदुखीच्या ४१ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला होता. कपाळावर लावलेले १० टक्के पेपरमिंट तेल व १,००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. वासावरून रुग्णाला खरे औषध ओळखू येऊ नये म्हणून तुलनेच्या द्रावणातही या तेलाचा अंश मिसळला होता. सुगंधी द्रव्यांच्या चाचण्यांतील ही मोठी अडचण असल्याने असे प्रयोग वाचताना ही बाब अवश्य तपासावी.

गंधपुरा तेल :
सांधेदुखीच्या अनेक मलमांत असणारे मेथिल सॅलिसिलेट हा या तेलाचा जवळजवळ संपूर्ण भाग आहे. त्वचेवर ते प्रतिक्षोभक म्हणून कार्य करते. शरीरात शोषले गेल्यावर त्यापासून सॅलिसिलिक आम्ल बनते. ५ मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा, शुद्ध तेल सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनच्या बरोबरीचे असते. ३२५ मिलिग्रॅमच्या एकवीसहून अधिक गोळ्यांइतकी ही मात्रा बालकाच्या पोटात गेल्यास प्राणघातक ठरू शकते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनीही ते वैद्यकीय सल्ल्याविना वापरू नये.

निष्कर्ष :
या तेलांची वेदनाशामकता केवळ लोकसमजूत नसून तिला रासायनिक व शरीरशास्त्रीय आधार आहे. परंतु ज्या रेणूत औषधी गुण असतो, त्याच रेणूची मात्रा वाढल्यास तो विष ठरतो. त्यामुळे ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे समीकरण शास्त्रदृष्ट्या टिकत नाही. वनस्पतिशास्त्र व रसायनशास्त्राच्या वर्गांत या तेलांचे गुणधर्म शिकविताना त्यांच्या सुरक्षित मात्रेचाही समावेश होणे आवश्यक आहे.