काचेवरचा मँगनीज पट्टा

लँटर्न स्लाइड म्हणजे काचेवर उतरवलेले पारदर्शक छायाचित्र. ब्रिटिश पद्धतीची स्लाइड सव्वातीन इंच चौरस असे. प्रतिमेभोवती काळ्या कागदाची चौकट, वर संरक्षणासाठी दुसरी काच आणि चारही कडांना चिकटपट्टी, अशी तिची रचना होती. कंदिलातला प्रकाश आरपार जाऊन भिंगातून पडद्यावर पडला की भरल्या सभागृहाला चित्र एकाच वेळी दिसे. आरंभी तेलाचा दिवा, मग तापवलेल्या चुन्याचा झगझगीत प्रकाश आणि पुढे वीज असा दिवा बदलत गेला. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने अशा चित्रांचे खेळ सुरू केले आणि मराठी प्रेक्षकांना पौराणिक कथा पडद्यावर दिसू लागल्या. भूविज्ञानाच्या व्याख्यानांत याच साधनाने डोंगर आणि खाणी श्रोत्यांपुढे येत.

गोंदियाच्या परिसरात दाखवण्यासारखे पुष्कळ होते. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात आमगावच्या नावाने ओळखले जाणारे अतिप्राचीन पट्टिताश्म, म्हणजे नाइस, आहेत. साकोली समूहाचे रूपांतरित खडकही येथे आढळतात. पूर्वेला सालेकसा-दरेकसाच्या बाजूने डोंगरगड मालिकेतील ग्रॅनाइट आणि ज्वालामुखीजन्य रायोलाइट लागतात. उत्तरेला बालाघाट आणि पश्चिमेला तुमसर-नागपूर या भागांतून मँगनीजचा पट्टा जातो. भरवेली, चिखला, डोंगरी बुजुर्ग या त्याच्यावरच्या नावाजलेल्या खाणी.

या पट्ट्यात खाणकाम विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाले. १८९६ मध्ये ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ स्थापन झाले. त्याच परंपरेतून १९६२ मध्ये आजची ‘मॉइल’ ही मँगनीज खाणकंपनी उभी राहिली. सातपुड्यातली अडीच फुटी रेल्वे बालाघाटकडून गोंदियाला येऊन मिळाली, तेव्हा गोंदिया बंगाल-नागपूर रेल्वेच्या मोठ्या मार्गावरचे जंक्शन झाले. दोन रुळांमधले अंतर वेगळे, म्हणून छोट्या गाडीतला माल येथे मोठ्या गाडीत भरावा लागे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लुइस ली फर्मर यांनी भारतातील मँगनीज साठ्यांवर चार भागांचा ग्रंथ लिहिला. तो १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात खाणींची छायाचित्रेही आहेत. स्पेसर्टीन गार्नेट व क्वार्ट्झ यांच्या खडकाला त्यांनी गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. हा खडक हवापाण्याने झिजला की त्यातल्या मँगनीजची काळी ऑक्साइडे होतात. त्यामुळे मूळ खडक कुठे संपतो आणि खनिज कुठे सुरू होते, हे ओळखणे खाणीत महत्त्वाचे ठरते.

जुन्या स्लाइडवर ही सीमा सहज दिसत नाही. त्या काळातल्या छायाचित्रणाच्या बऱ्याच काचा निळ्या प्रकाशाला फार आणि तांबड्याला फार कमी दाद देत. म्हणून निळे आकाश पांढरे पडे, तर जांभा, नारिंगी गार्नेट आणि काळे मँगनीज सारेच गडद उमटे. काही स्लाइड हाताने रंगवीत. पण तो रंग रंगवणाऱ्याच्या कल्पनेतलाही असू शकतो. अशा स्लाइडवर रंगापेक्षा थरांचा कल, भेगा आणि तुटलेल्या कडा जास्त विश्वासाच्या. मोजमापासाठी खडकाशेजारी ठेवलेला हातोडा किंवा उभा केलेला माणूस उपयोगी पडतो. त्याच चित्रात मजुरांची हत्यारे, टोपल्या आणि ट्रॉलीचे रूळ दिसले, तर काम कसे चाले याचाही पुरावा हाती येतो.

खाण पुढे सरकली की कालचा उभा कडा खणून जातो आणि पुढे खड्ड्यात पाणी साचते. तो कडा पुन्हा मोजता येत नाही. म्हणूनच ठिकाण, दिशा आणि तारीख लिहिलेली स्लाइड अमोल आहे; चिठ्ठी हरवलेल्या स्लाइडचे मोल बरेच घटते.

विदर्भाच्या पावसाळी दमटपणात जिलेटिनच्या थरावर बुरशी येते. स्लाइड कडांना धरून हाताळावी, आम्लरहित कागदात उभी ठेवावी आणि प्रतिमेच्या बाजूला पाणी लावू नये. अंकीय प्रत घेताना चित्राबरोबर चौकट, चिठ्ठी आणि कोपऱ्यातली खूणही टिपावी. ही खूण कंदील चालवणाऱ्याला स्लाइड कशी सरकवायची ते सांगे. आज चित्राची डावी-उजवी बाजू ठरवायला तीच कामी येते. बाजू उलटली तर थरांचा कलही उलटा वाचला जाईल.