गाडीचा रंग झिजतो तो फडक्याने

रात्री पेट्रोल पंपावर गडद रंगाची गाडी उभी असली की तिच्या बॉनेटकडे नीट बघा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात. रोज सकाळी न चुकता पुसल्या जाणाऱ्या गाडीवर त्या हमखास असतात. मालक म्हणतो, ऊन-पावसाने रंग गेला. उन्हाने रंग फिका पडतो, हे खरं. पण ऊन रेघा ओढत नाही. रेघ उठायला काहीतरी टणक वस्तू घासली जावी लागते. ती वस्तू म्हणजे धूळ, आणि ती घासणारं फडकं आपणच कुणाच्या तरी हाती दिलेलं असतं.

गाडीच्या रंगाची जाडी किती असते, हे कळलं की बाकीचं बरंच आपोआप समजतं. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग खरा रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. पेंटर त्याला नुसतं ‘क्लिअर’ म्हणतात. हे सारे थर मिळून कंपनीतून आलेल्या गाडीवर साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरतात, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम आठवा-दहावा हिस्सा. त्यात क्लिअरच्या वाट्याला ४०-५० मायक्रॉन येतात. डोक्याचा एक केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. केसाहूनही पातळ असलेल्या या थरातच चमक असते, आणि खालच्या रंगाला ऊन लागू न देणारी द्रव्यंही असतात.

आता धुळीकडे या. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. खनिजांची कठीणता मोजण्याच्या मोजपट्टीवर क्वार्ट्झ ७ वर आहे. साधी काच त्याच्याखाली येते आणि क्लिअर तर काचेहूनही मऊ. सोसायटीत सकाळी एक बादली आणि एक फडकं घेऊन गाड्या पुसल्या जातात. पहिल्या गाडीची धूळ फडक्यात, फडक्यातून बादलीत, बादलीतून पुन्हा फडक्यात आणि तिथून दहाव्या गाडीच्या दारावर. पुसणाऱ्या दादांचा यात काडीचाही दोष नाही. इतक्या गाड्यांना पाणी, वेळ आणि कापड किती लागेल, याचा हिशेब आपणच कधी केलेला नसतो. कोरडा झटकणा तर याहून वाईट. तो धूळ उचलत नाही, पत्र्यावरून ओढत नेतो.

‘फडकं गोल फिरवलं म्हणून रेघा गोल उठल्या, सरळ पुसा’ असंही सांगितलं जातं. चरे खरं तर सगळ्या दिशांना असतात. त्यांतले जे दिव्याच्या किरणाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं असल्याचा भास होतो. दिवा सरकवा, वर्तुळंही सरकतील. तेव्हा हात कसा फिरवला यापेक्षा हाताखाली काय होतं, ते महत्त्वाचं.

म्हणून आधी भरपूर पाणी मारून माती सैल करून वाहू द्यायची, मगच हात लावायचा. दोन बादल्या घ्या: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. जुनी बनियन किंवा टॉवेल नको, मायक्रोफायबरचं जाड कापड हवं. सुरुवात टपापासून, चाकांजवळचा खालचा भाग सगळ्यांत शेवटी आणि वेगळ्या कापडाने. रोज कोरडं पुसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा असं धुणं रंगाला मानवतं. मधले दिवस गाडी धुळकट दिसली तरी दिसू द्या. नुसती बसलेली धूळ ओरखडा काढत नाही.

कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण एका धुण्यात रंग खातो, ही भीती थोडी वाढवून सांगितली जाते. मात्र त्याने रंगावर लावलेलं मेण, म्हणजे वॅक्स, निघून जातं, आणि न विरघळलेले दाणे फडक्यात अडकले तर घासतात. पाण्याचा त्रास त्याहून मोठा. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी उन्हात तापलेल्या बॉनेटवर सुकलं की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे पांढरे ठिपके उरतात. ताजे डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी मिसळून निघतात. नंतर जागा स्वच्छ पाण्याने धुवायची. महिनोन् महिने राहिलेले डाग मात्र क्लिअरमध्ये रुततात. गाडी सावलीत धुवा आणि लगेच टिपून घ्या. पावसात गाडी आपोआप धुतली जाते, ही समजूतही सोडलेली बरी. पाऊस वरची धूळ हलवतो, पण चाकांच्या कमानीत आणि दारांच्या खालच्या कडांना चिखल भरतो. कोकणात, गोव्यात खारी हवा असते, तिथे गंजाची सुरुवात बहुधा या कडांपासूनच होते.

कबुतराच्या विष्ठेबद्दल सगळे म्हणतात, आम्लाने रंग जळतो. त्यात युरिक आम्ल असतं हे खरं, पण दोष एकट्या आम्लाचा नाही. मे महिन्यात काळं बॉनेट ६० अंशांच्या पुढे सहज तापतं. क्लिअर मऊ पडून फुगतो, आणि वर वाळून दगड झालेल्या विष्ठेखाली रात्री थंड होताना त्याच खडबडीत आकारात आक्रसतो. धुतल्यावर मागे राहतो तो मंद ठसा बराचसा यामुळे. म्हणून त्याच दिवशी काढणं हाच उपाय. मात्र नखाने खरवडू नका. तिच्यात खडे असतात. ओलं कापड दहा मिनिटं ठेवा, मऊ झाल्यावर उचलून घ्या. आंब्याच्या मोहोरावरच्या तुडतुड्यांचा चिकटाही असाच ओला करून काढायचा. मोहोराच्या दिवसांत आंब्याखालची सावली टाळली तर उत्तमच.

सिरॅमिक कोटिंगविषयी मला कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण त्यात लोकांचे पैसे फार जातात. ते वाईट नाही. पाणी घरंगळतं, मळ कमी चिकटतो, धुणं सोपं होतं. पण तो थर एक-दोन मायक्रॉनचा असतो. जाहिरातीतला ‘९ एच’ हा खनिजांच्या त्या मोजपट्टीवरचा आकडा नव्हे. ती पेन्सिलीच्या टोकाने घेतलेली चाचणी आहे आणि ९ एच ही तिच्यातली सर्वांत टणक पेन्सिल. वाळू, किल्ली, शेजारच्या स्कूटरचं हँडल यांना हे कोटिंग अडवत नाही. हायवेवर उडणाऱ्या खड्यांपासून खरंच वाचायचं असेल तर पीपीएफ, म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. तिची जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षा जास्त. ती महाग आहे. फक्त बॉनेट आणि पुढच्या बंपरला लावली तरी बरंच काम होतं.

पॉलिश आणि वॅक्स एकच, असं समजून दर सर्व्हिसिंगला ‘रबिंग-पॉलिश’ करून घेणारे खूप आहेत. वॅक्स वर थर चढवतं. पॉलिश घासून क्लिअर कमी करतं, म्हणूनच चरे दिसेनासे होतात. ४०-५० मायक्रॉनांतून किती वेळा उधारी घेणार? जुन्या गाड्यांच्या टपावर पापुद्रे सुटलेले पांढरे चट्टे दिसतात, तिथे क्लिअर संपलेला असतो. टूथपेस्टही घासणारीच वस्तू आहे. चऱ्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर पॉलिश, टूथपेस्ट कशानेच तो जाणार नाही. पत्रा उघडा पडला असेल तर टचअपचा ठिपका लगेच द्या.

कव्हर धुतलेल्या, कोरड्या गाडीवरच घाला. धुळीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने हलून सॅंडपेपरसारखं काम करतं.

आणि दसऱ्याला गाडीची पूजा करायची तेव्हा आधी गाडी धुवा. धुळीवर बोटाने काढलेलं स्वस्तिक कुंकू गेल्यावरही चऱ्यांच्या रूपात राहतं. हळदकुंकू त्याच संध्याकाळी ओल्या कापडाने अलगद टिपून घ्या. झेंडूचा हार तारेत ओवलेला नको. दोऱ्यात ओवलेला मागा.