आधी इंजेक्शन, मग डॉपलर

रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनचा पूर्ण डोस आयसीयूबाहेरच्या कोविड रुग्णांना उपयोगी पडतो, आयसीयूतल्यांना नाही, हे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने ४ ऑगस्ट २०२१ला छापलेल्या दोन शोधनिबंधांचं सार आहे. त्यातून प्रश्न उभा राहतो: गुठळ्यांची एवढी धास्ती, तर दाखल झालेल्या प्रत्येकाच्या पायांची सोनोग्राफी का नाही?

ही धास्ती उगाच नाही. २०२० च्या सुरुवातीला संसर्गाच्या भयाने जर्मनीतल्या रॉबर्ट कॉख संस्थेने शवविच्छेदनं टाळायला सांगितलं होतं. हॅम्बुर्गने उलट निर्णय घेतला: कोविडने दगावलेल्या प्रत्येकाचं शवविच्छेदन व्हायचं. तिथल्या न्यायवैद्यक संस्थेचे तेव्हाचे प्रमुख क्लाउस प्युशेल यांचं म्हणणं साधं होतं, मृतांकडून शिकल्याशिवाय जिवंतांवर नीट उपचार होणार नाहीत. पहिल्या १२ मृतांपैकी ७ जणांच्या खोल शिरांत गुठळ्या निघाल्या, आणि मृत्यूपूर्वी त्यांची कुणाला शंकाही आली नव्हती. चौघांचा जीव थेट फुप्फुसात अडकलेल्या गुठळीनेच घेतला होता.

मग जिवंतपणीच शोध का घेऊ नये? तपासणी तशी सोपी. जांघेत आणि गुडघ्यामागे प्रोब ठेवून दाबायचा. पडद्यावर दोन काळी वर्तुळं दिसतात. धमनी दाबाला दाद देत नाही, निरोगी शीर मात्र पार चपटी होते. शीर दबली नाही, की आत गुठळी आहे असं समजायचं. रुग्णाला खाटेवरून हलवावंही लागत नाही.

अडचण पुढे आहे. वुहानच्या एका अभ्यासात १४३ पैकी ६६ जणांच्या पायांत गुठळ्या सापडल्या, पण त्यातल्या ४३ जणांच्या फक्त गुडघ्याखाली होत्या. माद्रिदमध्ये डी-डायमर (गुठळ्या विरघळताना रक्तात वाढणारा घटक) वाढलेल्या, पण पायाची कसलीही तक्रार नसलेल्या १५६ जणांना तपासलं. २३ जणांत गुठळी निघाली, गुडघ्यावरची फक्त एकाच्या. पोटरीतल्या छोट्या गुठळ्या बऱ्याचदा आपोआप विरघळतात. फुप्फुसाकडे निसटण्याचा खरा धोका वरच्या गुठळ्यांचा. शिवाय कोविडमध्ये फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत थेटही गुठळ्या होतात. अशा वेळी पाय स्वच्छ दिसले म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

सापडलेल्या प्रत्येक गुठळीमागे पूर्ण डोस लावायचा, तर रक्तस्राव वाढणार. २०२१ च्या त्या अभ्यासात आयसीयूबाहेरच्या रुग्णांत मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण ०.९ वरून १.९ टक्क्यांवर गेलं. फायदा मोठा असेल तिथे ही किंमत मोजावी, निरुपद्रवी गुठळीसाठी नको. म्हणूनच छातीरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने २०२० मध्येच सांगितलं, की लक्षणं नसलेल्यांची सरसकट सोनोग्राफी नको, मात्र शंका आली की लगेच करा.

मला हा सल्ला पटतो, पण त्याचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. ‘सरसकट नको’ म्हणजे ‘बघूच नका’ असं नव्हे. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, ऑक्सिजनची गरज अचानक वाढली, तर पायाच्या शिरांची डॉपलर सोनोग्राफी त्याच दिवशी व्हायला हवी. त्यासाठी रोज पांघरूण बाजूला करून दोन्ही पाय पाहायला हवेत, आणि साथीत पीपीई किटमध्ये घामाघूम झालेल्या कर्मचाऱ्यांकडून नेमकं हेच राहून जायचं.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडे डी-डायमरचे आकडे घरोघरी व्हॉट्सअॅपवर फिरले. एकट्या आकड्यावरून गुठळी ठरत नाही, कारण नुसत्या संसर्गानेही तो चढतो. तुमचं माणूस कोविडने दाखल असेल, तर डॉक्टरांना आधी एवढंच विचारा: गुठळी होऊ नये म्हणून हेपारिनचं इंजेक्शन सुरू आहे का, नसेल तर का नाही? आणि पायाला सूज दिसली, तर राउंडची वाट न पाहता नर्सना तिथल्या तिथे सांगा.